मष्णूनं अडवलेल्या गाड्या

मष्णू गेल्या पावसाळ्यात वारला, सन सेहेचाळीसच्या. वखारीत पोती वाहणाऱ्या हमालावर कोण लिहितो? पण चाळीस वर्षं मी निपाणीत बसून लोकांचे अर्ज लिहिले. ज्यांची तोंडं बघू नयेत अशा माणसांचेही लिहिले. मग याच्याबद्दल दोन पानं लिहायला माझा हात का मोडतो? मोडत नाही. लाजतो. का ते पुढं येईलच, घाई करू नका.

माझं नाव दत्तोपंत. धंदा अर्जनवीसाचा. उताराच्या गल्लीत वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, त्या देवळाच्या ओसरीवर माझी बैठक. गल्लीचं नाव उगीच पडलेलं नाही. देवळापासून खाली तंबाखूच्या वखारीपर्यंत असा तीव्र उतार की नवखा माणूस पायीसुद्धा जपून उतरतो. मधे एक वळण, आणि वळणावरच आडाचा दगडी कठडा. सुगीनंतर तंबाखूचा हंगाम लागला की गाड्यांची नुसती रीघ.

मष्णू याच गल्लीतला. मानेचा जाड, बोलायला कंजूष. दोन माणसांनी उचलायचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा आणि वर कुणी शाबास म्हटलं तर ओशाळायचा. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला मुलगी झाली. त्याची बायको बाळाबाई एका व्यापाऱ्याच्या घरी धुणीभांडी करायची, तिथं ऐकलेलं नाव तिनं पोरीला ठेवलं, बेबी. आमच्या गल्लीत तसलं नाव नवंच. म्हाताऱ्या बायका हसायच्या, की ही पुढं आजी झाली तरी बेबीच का गं? मष्णूला त्यात काही खटकायचं नाही. संध्याकाळी पोरगी खांद्यावर घेऊन तो देवळापर्यंत यायचा आणि तिला मला नमस्कार करायला लावायचा.

छत्तीस साली, होळीच्या आधी, बेबी बापाची भाकरी घेऊन वखारीकडं निघाली होती. सात वर्षांची होती. दोन परगावच्या गाड्या माल उतरवून मोकळ्या झालेल्या. गाडीवानांनी आपसांत पैज लावली, वळसा घालून पुन्हा वर आले आणि उतारावर बैल सोडले भरधाव. वळणावर पोरगी सापडली. गाडीवान थांबलेसुद्धा नाहीत. कुठले होते, कोण होते, पत्ता लागला नाही. पोलिसांनी आठ-दहा गावांत चौकशी केली, पण हंगामात हजार गाड्या येतात, ओळखायचं कुणी आणि कसं?

मष्णू रडला नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात काठी घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. येईल त्या गाडीवानाला म्हणायचा, खाली उतर, बैलांपुढं चाल. बहुतेक उतरायचे. त्याचं तोंड बघून कुणाची हिंमत होणार? तोवर ठीक होतं हो. एक बाप हात जोडून सांगतोय आणि लोक ऐकताहेत, याला कोण काय म्हणणार?

पण आमची गल्ली गप्प बसेल तर ना. रघुवीर अण्णा म्हणून तंबाखूचे व्यापारी आहेत, गल्लीतले सगळ्यांत वजनदार. त्यांनी देवळात बैठक घेतली. परगावच्या गाड्यांना शिस्त लावायची, गल्लीचा पहारा बसवायचा, पंच नेमायचे. मष्णूला वखारीतून मोकळा केला आणि पहाऱ्यावर उभा केला. पितळी बिल्ला दिला, खाकी कोट दिला. जो गाडीवर बसून उतरेल त्याला चिठ्ठी द्यायची, त्यानं गुरुवारी बाजारादिवशी पंचांपुढं यायचं आणि मारुतीला तेल घालायचं. आता परगावचा माणूस गुरुवारी कशाला परत येतोय? तर त्यावरही अण्णांनी तोड काढली. गाडीची एक शिवळ काढून ठेवून घ्यायची. जुवाच्या टोकाला बैलाची मान आत राहावी म्हणून जो लाकडी खुंटा खोचतात, ती शिवळ. ती नसली की बैल जुंपता येत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. चिठ्ठ्या कोण लिहिणार, तर पंत. मी लगेच टाक पुसून तयार.

मला कायदा येत नव्हता असं नाही. शंका होतीच. म्हणून एकदा कामानिमित्त बेळगावला गेलो तेव्हा माझा भाचा शरच्चंद्र तिथं वकिली करतो, त्याला विचारलं. त्यानं पान खाता खाता सगळं ऐकून घेतलं.

"मामा, डोळ्यांदेखत मोठा गुन्हा घडला तर कुणीही माणूस गुन्हेगाराला धरून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो," तो म्हणाला. "तेवढंच. वाटेनं जाणाऱ्याला अडवायचं, चिठ्ठी फाडायची, त्याची वस्तू ठेवून घ्यायची, हा अधिकार तुमच्या पंचांना नाही आणि तुम्हालाही नाही. मष्णूला आजच घरी पाठवा."

मी निपाणीला परत आलो आणि मूग गिळून बसलो. का? दोन कारणं आहेत, दोन्ही सांगतो. मोटारीतून उतरून गल्लीत शिरलो तर बाळाबाई दारात बसून भाकरीचा तुकडा मोडत होती. पोरगी गेल्यापासून ती दिवसाउजेडी घासभर खाताना मला पहिल्यांदा दिसली. मला म्हणाली, "पंत, हे उभे राहतात तिथं, म्हणून जरा धीर येतोय बघा." आता तिला काय सांगू, की उद्यापासून नवऱ्याला घरात बसव? हे एक कारण, आणि ते मी लोकांना सांगत आलो. दुसरं सांगत नाही. दुसरं असं, की माझ्या चिठ्ठीपुढं मोठमोठे गाडीवान हात जोडून उभे राहायला लागले होते, साहेब साहेब म्हणायला लागले होते. जन्मभर दुसऱ्यांचे 'मेहेरबान हुजूर' लिहिलेल्या माणसाला त्याची चटक लागली. झालं.

सदतीस सालच्या फाल्गुनात रवळू आला. खानापूरकडचा, जंगलाच्या कडेच्या गावचा. गाडीत चिवे भरलेले, ते लांबडे बारीक बांबू, खालच्या वखारीला छपरासाठी हवे होते म्हणून. पाच दिवस गाडी हाकत आला होता. निपाणी त्यानं याआधी कधी बघितली नव्हती. गाडीच्या दांडीवर बसून तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि मष्णूनं काठी आडवी धरली.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, कारण मी दहा हातांवर ओसरीत होतो. मष्णूनं बैल सोडवले, शिवळ काढून घेतली आणि त्याला माझ्याकडं पाठवलं. मी चिठ्ठी लिहिली. त्या दिवशी सोमवार होता. गुरुवारपर्यंत थांबायचं म्हटल्यावर रवळू गयावया करायला लागला. बरोबरच्या गाड्या पुढं गेलेल्या, बैलांना वैरण नाही, घरी भाताची मळणी अर्धी राहिलेली. मग त्यानं मला अगदी सरळ प्रश्न विचारला, की हा सरकारचा हुकूम आहे का?

तिथं एक 'नाही' म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी काय म्हणालो? वाचता येतं का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. मग विचारतोस कशाला, असं मी म्हणालो आणि दुसऱ्या कागदात डोकं घातलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

रवळू जरा वेळ बैलांपाशी बसून राहिला. मग उठला, गाडीतला एक चिवा उपसला, कोयत्यानं हातभर तुकडा तोडला, तासला, आणि शिवळीच्या जागी ठोकून बसवला. बैल जुंपले. मष्णू बघत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, की आता काय करायचं? पंचांच्या नियमात शिवळ काढून घ्या इतकंच होतं, दुसरी बसवू देऊ नका असं कुठं नव्हतं. मी हातानंच जाऊ दे म्हणून खूण केली. मनात म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली. ओल्या चिव्याची शिवळ, भरलेली गाडी आणि आमचा तो उतार. शेतकऱ्याचं पोरसुद्धा सांगेल काय होणार ते. मष्णू हमाल, मी अर्जनवीस. बैल जुंपणं दोघांच्याही बापजाद्यांत नव्हतं.

आता तर तो बैलांपुढं चालत होता, आम्ही सांगितल्यासारखा. वळणाच्या अलीकडं मागून सगळा भार जुवावर आला आणि तो तुकडा मोडला. उजवा बैल जुवाबाहेर पडला, गाडी आडवी फिरली आणि चिव्यांच्या ओझ्यासकट रवळूला घेऊन आडाच्या कठड्यावर आदळली. मी ओसरीत उभा राहिलो तो उभाच. मष्णू काठी टाकून धावला. गाडीखाली खांदा घातला आणि एकट्यानं ती उचलून धरली, लोक येऊन रवळूला ओढून काढेपर्यंत. मष्णूच्या नाकातून रक्त यायला लागलं तरी त्यानं खांदा काढला नाही. रवळू जगला. डावा पाय मात्र मिरजेच्या दवाखान्यात गुडघ्यापासून कापावा लागला.

फौजदारांनी चौकशी केली. शिवळ मष्णूच्या घरात सापडली, चिठ्ठी रवळूच्या मुंडाशात. खटला चिकोडीच्या कोर्टात उभा राहिला. चिठ्ठीवर अक्षर माझं होतं, ते काय लपणार? तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी रघुवीर अण्णांनी मला वखारीत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही, वाईटवंगाळ बोलले नाहीत, उलट ताक दिलं. म्हणाले, "पंत, पंचांचा कागद कुठंही नाही. अक्षर तेवढं तुमचं आहे. पहारा कुणाच्या सांगण्यावरून होता हे कोर्ट तुम्हालाच विचारणार. जपून उत्तर द्या."

मी घरी आलो आणि रात्रभर स्वतःला समजावलं, की खरं तेच सांगायचं. पंचांनी ठरवलं, मी लिहिलं, मष्णूनं फक्त ऐकलं. मला कायदा ठाऊक होता आणि मी तो दडवला. एवढी चार वाक्यं. ती मी सांगितली असती तर मष्णू हुकमाचा ताबेदार ठरला असता, बहुधा सुटला असता, आणि आत गेलो असतो आम्ही.

कोर्टात आधी रवळूची साक्ष झाली. कुबडीवर उभा होता. मॅजिस्ट्रेट कानडी बोलणारे, शिरस्तेदार मराठीतून विचारायचा. त्या गल्लीत आदल्या साली एक मुलगी मेली, म्हणून लोक गाड्या हळू न्यायला सांगत होते, हे तुला माहीत होतं का, असं मष्णूच्या वकिलानं विचारलं. रवळूनं आरोपीच्या पिंजऱ्यातल्या मष्णूकडं बघितलं.

"न्हाय जी. मला कुणी सांगितलंच न्हाय," तो म्हणाला. "माझ्याबी दोन पोरी हाईत. सांगितलं असतं तर मी गाडी वरच लावून चिवे डोक्यावरनं खाली नेले असते."

मष्णूनं मान खाली घातली. वर्षभर तो गाड्या अडवत होता, आणि कशासाठी अडवतोय हे माझ्या एकाही चिठ्ठीत नव्हतं. मी 'नियमभंग' लिहायचो. मोठा शब्द, छान वाटायचा.

मग माझा पुकारा झाला. शपथ घेतली. अक्षर तुमचं का? होय. कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? रघुवीर अण्णा पहिल्या बाकावर बसले होते, पांढरा फेटा, मांडीवर हात. शरच्चंद्र दाराशी उभा होता, खास बेळगावहून आला होता, मी काय बोलतो ते ऐकायला. मी मष्णूकडं बघितलं. नंतर बघितलं नाही.

"मष्णूनं सांगितलं म्हणून लिहिलं," मी म्हणालो. "त्याची मुलगी गेली होती. मला नाही म्हणवेना."

मॅजिस्ट्रेटनी मष्णूला विचारलं, हे खरं का? मला वाटलं आता हा तोंड उघडणार आणि आपली अब्रू चव्हाट्यावर येणार. पण तो म्हणाला, "पंत म्हणत्यात तर व्हय. मीच सांगितलं असंल."

निकालात मॅजिस्ट्रेटनी लिहिलं, की मूल गमावलेल्या बापाबद्दल कोर्टाला कळवळा आहे. पण रस्ता सर्वांचा आहे, आणि दुःख झालं म्हणून कुणाला दुसऱ्याची वाट अडवायचा, त्याची वस्तू काढून घ्यायचा अधिकार मिळत नाही. अधिकार मिळतो तो फिर्याद देण्याचा. अक्षर न् अक्षर खरं होतं. बेळगावात पान खाता खाता माझा भाचा हेच बोलला होता. मष्णूला तीन महिने कैद झाली आणि त्याला हिंडलग्याच्या तुरुंगात नेलं. पळून गेलेले दोन गाडीवान कुठं तरी सुखानं भाकरी खात असतील, अण्णा वखारीत, मी ओसरीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी अर्जात किती वेळा लिहिली असेल. शरच्चंद्र कोर्टाच्या दारातूनच परत गेला. त्यानंतर माझ्या घरचं पाणीही त्यानं कधी घेतलं नाही.

मष्णू सुटून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आला. वाळला होता. पायरीवरच बसला, वर ये म्हटलं तरी आला नाही. रवळूच्या गावाला कसं जायचं ते त्याला विचारायचं होतं. मी सांगितलं, बेळगावपर्यंत मोटार, तिथून खानापूरला रेल्वे, पुढं पायी. जायचंय कशाला ते विचारलं. म्हणाला, गाडी हाकायला शिकणार. त्याचा पाय मी घेतला, आता त्याची गाडी मी हाकणार, बाळाबाईबी येतीया. मग म्हणाला, "पंत, आत बसून लई आठवून बघितलं. तुम्हास्नी चिठ्ठ्या लिवा म्हून मी कवा सांगितलं, ते काय केल्या ध्यानात यीना. बेबी गेल्यावर माझं डोस्कं ठिकाणावर नव्हतं, तवाच सांगितलं असणार. तुम्ही देवाची शपथ घेतलेली. खोटं कशाला बोलाल?"

त्याच्या डोळ्यांत काही छद्मी नव्हतं, टोमणा नव्हता. तो खरंच मला विचारत होता. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. मी म्हणालो, "चहा घेतोस का?"

नको म्हणाला, मोटार चुकेल.

नऊ वर्षं तो तिकडं राहिला. इकडं कधी आला नाही. उडत उडत कळायचं, की मष्णू गाडी हाकतो, भाताच्या मळणीला जातो, रवळूच्या दोन्ही पोरींच्या लग्नांत राबला. मीही एकदा जाऊन सांगून यावं असं दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी कसलं ना कसलं कारण काढायचो. गुडघे दुखतात. पाऊस आहे. आता जुनं उकरून काय करायचं.

गेल्या श्रावणात रवळू स्वतः आला. कुबडी टेकत तो चढ चढून देवळापर्यंत आला, मला नमस्कार केला आणि मष्णू गेल्याचं सांगितलं. चार दिवस तापानं फणफणला होता. सांगता सांगता रवळूला रडू आवरेना, की माणूस नव्हता हो, सोनं होतं. दर साली माझा पाय मोडला त्या दिवशी माझ्या पायाला हात लावायचा, मी म्हणायचो बास झालं की रं मष्णू, तर ऐकायचा न्हाय.

मग त्यानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. मष्णूनं जाताना तुमच्यासाठी एक निरोप दिला होता, तेवढा सांगायला आलो, असं म्हणाला.

"म्हणाला, माझ्यापायी पंतांस्नी कोर्टाची पायरी चढाया लागली. भल्या माणसाला लई तरास दिला मी. त्यांस्नी म्हणावं, राग धरू नका."

रवळू माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता. मी त्याला सांगितलं, राग नाही म्हणून.